मावा सुटला, शुगर आटोक्यात आली, पण सांगणार कोण?

कोल्हापूरजवळची शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगलेची पंचतारांकित औद्योगिक वसाहत घ्या. बऱ्यापैकी मोठ्या कारखान्यात आरोग्याचा काही ना काही उपक्रम चालतोच. वर्षाची तपासणी, डोळ्यांचा कॅम्प, योगाचा वर्ग, तंबाखूमुक्तीवर व्याख्यान, कँटीनमध्ये तेल कमी करायचा ठराव. फोटो निघतात, बॅनर लागतो, अहवाल वर जातो. त्यातून खरोखर कुणाचं काय बदललं, हे मात्र एचआरच्या फायलीत सापडत नाही. ते गेटबाहेरच्या चहाच्या गाड्यावर सापडतं.

"काय मामा, आज पुडी दिसंना खिशात?"
"सोडली की. दिवाळीपासनं."
"काय सांगतासा!"

यापुढं चहा संपेपर्यंत जे बोलणं होतं, ते ऐकणाऱ्याच्या डोक्यात राहतं. त्याच मामांना वार्षिक कार्यक्रमात माईकसमोर उभं करा. "कंपनीनं चांगला उपक्रम राबवला, साहेबांचे आभार," एवढं बोलून ते खाली उतरतील. कोल्हापूरच्या माणसाला बोलायला शिकवावं लागत नाही, तालमीपासून दूध कट्ट्यापर्यंत तो बोलतच असतो. कंपनीत तो गप्प बसतो त्याला कारणं असतात. कामगारांचे असे खरे अनुभव बाकीच्यांपर्यंत पोचवायचे तर ती कारणं काढून टाकणं हेच मुख्य काम आहे, बाकीचं त्यामानानं सोपं. एचआर, वेल्फेअर किंवा सेफ्टी विभागात काम करणाऱ्यांसाठी ते कसं करायचं ते इथं क्रमानं मांडतो.

आधी हा खटाटोप कशासाठी, ते थोडक्यात. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये 'हे मला जमेल' हा विश्वास माणसात कुठून येतो याची मांडणी केली. स्वतः करून पाहण्याखालोखाल त्यांनी महत्त्व दिलं ते आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाला जमलेलं पाहण्याला. यात 'आपल्यासारख्या'वर सगळा भर आहे. पहाटे उठून दोन म्हशींच्या धारा काढणारा, दूध संस्थेत दूध घालून सातच्या शिफ्टला येणारा, फेटलिंगला, म्हणजे ओतीव भागांच्या कडा घासायला, दिवसभर ग्राइंडर धरणारा माणूस शेजारच्या ग्राइंडरवाल्याचं ऐकतो. पाहुण्या वक्त्याचं तो ऐकतो, टाळ्या वाजवतो आणि विसरतो.

पहिलं काम: रिपोर्ट कुठं जातात ते स्पष्ट करा

कामगाराच्या मनात काय असतं ते सरळच सांगतो. क्रेन ऑपरेटरला वाटतं, बीपी आहे म्हटलं तर क्रेनवरून काढतील. कंत्राटी पोराला वाटतं, शुगर आहे कळलं तर ठेकेदार पुढच्या महिन्यात हजेरी देणार नाही. फर्नेसवरच्या माणसाला ओव्हरटाईम जाण्याची धास्ती. यातली एखादी भीती खोटी असेल, पण सगळ्या खोट्या नसतात, हे आपल्यालाही ठाऊक असतं.

म्हणून अनुभव मागायला जाण्याआधी हे बघा. तपासणीचे रिपोर्ट डॉक्टर आणि तो कामगार यांच्यातच राहिले पाहिजेत. एचआरकडं फक्त एकत्रित आकडे यावेत, म्हणजे शंभरात किती जणांचा बीपी जास्त निघाला एवढंच. त्यातही एखाद्या विभागात चारच माणसं असतील तर त्या विभागाचा वेगळा आकडा काढू नका, चौघांत कोण ते सगळ्यांना लगेच कळतं. क्रेन, फोर्कलिफ्ट, फर्नेस अशा कामांना फिटनेसची वेगळी तपासणी लागते. ती वेगळीच ठेवा आणि "या तपासणीवर काम ठरतं, त्या तपासणीवर ठरत नाही" असं आधी सांगा. दोन्हींची सरमिसळ झाली की पुढच्या कॅम्पला अर्धे लोक काही ना काही कारण काढून दांडी मारतात.

आणखी एक पथ्य. "तुझी शुगर कमी झाली असं डॉक्टर म्हणाले, जरा सगळ्यांना सांग की" असं कुणाला कधीही म्हणू नका. हेतू कितीही चांगला असला तरी त्या एका वाक्यानं सगळ्या खात्याला समजतं की रिपोर्ट वर पोचतात. ज्याला सांगायचंय त्यानं आपणहून यावं किंवा सोबत्यानं आणावं.

कशाला यश म्हणायचं ते आधी ठरवा

पहिला मोह होतो तो किलोंचा. तीन महिन्यांत सर्वांत जास्त वजन कमी करणाऱ्याला बक्षीस! ही स्पर्धा माझ्या मते बंदच करावी. उपाशी राहून, पाणी कमी पिऊन काटा खाली आणणारे निघतात, आणि फाउंड्रीच्या उष्णतेत पाणी कमी पिणं धोक्याचं आहे. शिवाय एक जिंकतो आणि बाकीचे हरतात. हरलेला माणूस पुढं काही सांगायला येत नाही.

त्यापेक्षा रोजच्या वागण्यातला बदल धरा. काय सोडलं, काय धरलं, आणि ते कसं जमवलं. उदाहरणार्थ, बीपीची गोळी न चुकवणं. ऐकायला किरकोळ वाटेल, पण बीपीचा त्रास बहुतेकांना जाणवतच नाही, म्हणून "बरं वाटतंय" म्हणत गोळी बंद करणारे घरोघरी आहेत. एखाद्यानं डब्यात रोजच्या गोळ्यांची पुडी बांधून घ्यायची सवय लावली असेल आणि वर्षभर पाळली असेल, तर मॅरेथॉनपेक्षा मला त्याचं कौतुक जास्त. नाईट करून गेल्यावर घरातल्यांशी बोलून दुपारपर्यंतची झोप राखणं, नॉकआऊटला (साचा फोडून ओतीव भाग काढताना) इअरप्लग शेवटपर्यंत कानात ठेवणं, शिफ्टमध्ये चार चहांचे दोन करणं, सुट्टीदिवशी बायकोबरोबर रंकाळ्याला फेरी मारणं, सुटलेली तालीम परत धरणं, हे सगळं यात येतं.

आकडे सांगायची सक्ती नको. शुगर, एचबीएवनसी, वजन हे ज्याचं त्याच्यापाशी. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरच्या सरासरीचा आकडा, पुढच्या वेळी वर गेला तर सगळ्यांसमोर आकडा सांगितलेल्या माणसाची पंचाईत होते.

इथं एक धोका सांभाळा. "मी गोळ्या बंद केल्या, कारल्याच्या रसावर शुगर खाली आली" असं सांगणारा एखादा उत्साही मामा हमखास भेटतो. त्यांचा अनुभव कँटीनच्या फलकावर गेला तर दहा जण गोळ्या टाकतील. औषध, काढा, उपास, कसल्याही उपचाराचा उल्लेख असलेला प्रत्येक मजकूर कारखान्याच्या डॉक्टरांच्या नजरेखालून जाऊ द्या. मामांना तोडून बोलू नका. त्यांना डॉक्टरांकडं घेऊन जा, मजकूर मात्र थांबवा.

विचारायला कोण जाणार?

एचआर मॅनेजर नको, आणि सुपरवायझर तर नकोच. सुट्टी मंजूर करणाऱ्या माणसाला कुणी 'नाही' म्हणत नाही, आणि 'नाही' म्हणता येत नसेल तर 'हो'लाही अर्थ राहत नाही. प्रत्येक शिफ्टमधून एकदोघं 'सोबते' म्हणून निवडा. ज्याच्याशी लोक तसेही मनातलं बोलतात असा माणूस प्रत्येक खात्यात असतो. त्यात कंत्राटी कामगारांतला एक हवा. युनियन असेल तर त्यांच्या प्रतिनिधीला पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या, मागाहून समजूत काढण्यात वेळ जातो.

बायकांसाठी बाईच हवी. कोअर शॉप (साच्यातले वाळूचे गाभे बनवायचं खातं), पॅकिंग, इन्स्पेक्शनला काम करणाऱ्या कितीतरी जणी मिसरी लावतात. मिसरी म्हणजे तंबाखूच, पण ती लावणारी बाई 'मला व्यसन आहे' असं मानत नाही आणि पुरुष सुपरवायझरपुढं तो विषय काढणार नाही. हिमोग्लोबिन, पाळी, गुडघे, घरचं काम करून होणारी ओढाताण, हे सगळं तिथल्याच एखाद्या काकींपाशी निघेल.

प्रश्न असे विचारा

"उपक्रमाचा तुम्हाला काय फायदा झाला?" या प्रश्नाला एकच उत्तर येतं, "चांगला झाला." त्यापेक्षा विचारा: सगळ्यात अवघड वेळ कुठली होती? घरात कोण काय म्हणालं? मधे कधी सुटलं का, आणि परत कसं धरलं? आणि शेवटचा, माझ्या दृष्टीनं सर्वांत मोलाचा प्रश्न: कंपनीनं काय केलं असतं तर सोपं गेलं असतं? या शेवटच्या प्रश्नातून कळतं की योगाचा सकाळी सहाचा वर्ग ओस का पडतो. त्या वेळी माणूस दूध संस्थेच्या रांगेत असतो. कँटीनमध्ये नाईटला फक्त वडापाव आणि चहा उरतो, हेही तिथंच कळतं.

मुलाखतीसारखी वही उघडून बसू नका. डबा खाताना बोला, नंतर चार ओळी लिहून त्यालाच वाचून दाखवा. ज्याला लिहायचा कंटाळा आहे त्याच्याकडून मोबाईलवर दोन मिनिटं बोलून घ्या.

कसा मजकूर तयार व्हावा याचा एक नमुना देतो. हा मी रचलेला आहे, कुणा एकाचा नाही:

"बारा वर्षं मावा खात होतो. तपासणीत डॉक्टरांनी तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली, दोनच गेली. त्या दिवशी घाबरलो. पहिला आठवडा डोकं फिरलेलं होतं, पोरांवर ओरडत होतो. नाईटला तीनच्या सुमारास हात आपोआप खिशात जायचा. मग खिशात बडीशेप ठेवायला लागलो. शेजारच्या मशीनवरचा पोरगा तंबाखू मळून पुढं करायचा, त्याला नको म्हणायला लाज वाटायची. शेवटी त्यालाच सांगितलं, भावा, मला देत जाऊ नको. जोतिबाच्या यात्रेत परत एकदा खाल्ला. घरी आल्यावर परत सोडला. तोंड अजून पूर्ण उघडत नाही, तेवढं उघडणार नाही असं डॉक्टर म्हणालेत. पण जळजळ कमी झालीय. परवा बऱ्याच दिवसांनी तांबड्या रश्शाला बसलो."

यात उपदेश नाही, कंपनीचं कौतुक नाही. घसरण आहे, ती कुठं झाली तेही आहे. शेजारच्याला सांगायची युक्ती आहे, जी वाचणारा उद्याच वापरू शकतो. आणि सगळं पूर्ववत झालं असा खोटा दावाही नाही. माव्यातल्या सुपारीनं तोंडाच्या आतली कातडी कडक होते, ती पहिल्यासारखी मऊ होत नाही. पण सोडल्यानं पुढचं नुकसान थांबवता येतं आणि कर्करोगाचा धोका कमी होतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातले २८.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतात असं दिसलं, आणि ओढणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट तो खाणारे, चघळणारे होते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पानटपरीवर मावा घोटून मिळतोच. त्यामुळं आपल्याकडं या विषयावरचे अनुभव सर्वांत जास्त निघतील, याची तयारी ठेवा.

मजकुराला इस्त्री करू नका. कोल्हापूरची बाई "मी रोज चालत येतो" म्हणाली असेल तर तसंच छापा. 'सकारात्मक जीवनशैली' असले शब्द घुसले की वाचणाऱ्याला एचआरचा वास येतो.

संमती: एक कागद, साध्या मराठीत

इथं घाई करू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मोकळेपणानं, नेमक्या कारणासाठी, माहिती देऊन आणि विनाअट घेतलेली हवी. ती देणं जितकं सोपं, तितकंच परत घेणंही सोपं हवं. कायदा बाजूला ठेवला तरी साधी माणुसकी हेच सांगते.

कागदावर एवढं असावं: "माझा अनुभव मी स्वतःच्या इच्छेनं सांगत आहे. तो मला वाचून दाखवला आहे. तो कँटीनच्या फलकावर / शिफ्टच्या बैठकीत / ग्रुपवर / कंपनीबाहेर वापरावा (नको ते खोडावं). माझं नाव द्यावं / फक्त खातं द्यावं / काहीच देऊ नये. फोटो चालेल / चालणार नाही. तीन महिन्यांनी तो काढावा. त्याआधी मी तोंडी सांगितलं तरी त्या दिवशीच काढावा. सांगितलं किंवा नाही सांगितलं, याचा माझ्या कामाशी, पगाराशी, कंत्राटाशी संबंध नाही."

या कागदाची एक प्रत त्याच्या हातात द्या. तोंडीही एक गोष्ट सांगा: फलकावरचा कागद काढता येतो, पण व्हॉट्सॲपवर गेलेलं परत येत नाही. कंपनीबाहेर, म्हणजे फेसबुक, लिंक्डइन, ग्राहक कंपनीला जाणारं प्रेझेंटेशन, याला मुळात 'नाही' धरून चला. फोटोत बायकापोरं असतील तर त्यांनाही विचारा. फक्त खातं सांगून माणूस लपत नाही हेही लक्षात असू द्या. कोअर शॉपमध्ये तीनच बायका असतील तर 'कोअर शॉपमधल्या एका ताई' म्हणून काही लपलं नाही.

मानसिक आजार, दारू, एचआयव्ही, टीबी, गरोदरपण, हे विषय आपण कधी विचारू नयेत. कुणी स्वतःहून दारू सोडल्याचं सांगायला आला तर ऐका, पण छापण्याआधी आठवडाभर थांबा आणि परत विचारा. एकटं गाठून, शांतपणे. मन मोकळं करताना कुणी फारच खचलेला वाटला तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा मोफत क्रमांक हाताशी ठेवा. तिथं मराठीत बोलता येतं.

कुठं आणि कधी

शिफ्ट सुटताना कुणी ऐकत नाही. गाडी गाठायची असते, नागाव-हालोंडीच्या पोरांना शेतात पाणी पाजायचं असतं. शिफ्टच्या सुरुवातीला सेफ्टीची जी पाच मिनिटांची बैठक होते, तीच उत्तम. आठवड्यातून एकदा, एकच अनुभव, दोन मिनिटं. बोलायचं नसेल तर सोबत्यानं वाचून दाखवावा. फलक कँटीनच्या हात धुण्याच्या जागेजवळ लावा. तिथं रांग असते आणि वाचायला काहीतरी हवं असतं.

४ मार्चचा सुरक्षा दिन, ३१ मेचा तंबाखूविरोधी दिन, १४ नोव्हेंबरचा मधुमेह दिन वापरायला हरकत नाही, पण फक्त त्याच दिवशी अनुभव बाहेर काढले तर तो कार्यक्रम होतो. खंडेनवमीला अनेक कारखान्यांत यंत्रांची पूजा असते, घरचे लोकही येतात. नवऱ्याची तंबाखू कशी सुटली हे बायकोच्या तोंडून त्या दिवशी ऐकण्यात जी गंमत आहे, ती माईकवर नाही. अर्थात, तिनं आणि त्यानं दोघांनी होकार दिला असेल तर.

साहेबांचं काय?

कोल्हापुरात सायकल आणि मॅरेथॉनचं वेड असलेले उद्योजक कमी नाहीत. त्यांचा उत्साह खरा असतो. पण बेचाळीस किलोमीटर धावल्याचं मालकांनी सांगितलं की फेटलिंगवाला मनात म्हणतो, "मी पण आठ तास उभाच असतो." साहेबांना बोलायचंच असेल तर त्यांनी जमलेलं नाही असं काहीतरी सांगावं. अजून रात्री अकराला जेवतो, डॉक्टर रागावतात, आता नऊला जेवायचा प्रयत्न चाललाय. एवढं बोलले तरी लोक मोकळे होतात.

बक्षीस

पैसे नकोत, 'सर्वोत्तम अनुभव' स्पर्धा नको. पैसे ठेवले की अनुभव रचले जातात. ज्यानं सांगितलं त्याला घरच्या लोकांना दाखवता येईल असं एक हाती लिहिलेलं पत्र पुरतं. खरी परतफेड वेगळी आहे: त्यानं जी अडचण सांगितली ती सोडवा. नाईटच्या कँटीनला भाजी-भाकरी सुरू झाली आणि खाली लिहिलं की 'मशीन शॉपमधल्या एका सोबत्याच्या सांगण्यावरून', की पुढचे पाच जण स्वतः येतात.

फिरकी घेणारे, आणि परत सुरू करणारे

आपल्याकडं फिरकी घेणं हा स्वभाव आहे. ज्यानं मावा सोडल्याचं सांगितलं त्याला दुसऱ्या दिवशी मुद्दाम पुडी पुढं करणारे असणारच. हे आधीच गृहीत धरून त्या शिफ्टच्या सोबत्याला जवळ राहायला सांगा. थट्टा थट्टेपुरती चालू द्या, खिशात पुडी कोंबण्यापर्यंत गेली तर सुपरवायझरनं मधे पडावं.

तंबाखू सोडणारे बरेच जण पहिल्या फटक्यात सोडत नाहीत. फलकावर नाव असलेला माणूस परत खाताना दिसला तर फलकावरचा कागद गुपचूप काढू नका. त्याला विचारा, ठेवू की काढू? काही जण म्हणतात, राहू दे, खाली लिही, परत सुरू झालंय, परत सोडतोय. असा कागद लोक सगळ्यात जास्त वाचतात. राष्ट्रीय तंबाखू क्विटलाईनचा १८००-११-२३५६ हा क्रमांक त्याखाली लिहा.

मोजायचं काय?

किती अनुभव गोळा झाले हे मोजू नका, नाहीतर सोबते महिनाअखेरीला उद्दिष्ट पुरं करायला लागतात. कोण बोललं ते बघा. फक्त ऑफिसचा स्टाफ बोलतोय की हेल्परही? नाईटवाले आहेत का? बायका, कंत्राटी? आणि अनुभव वाचून किती जण "तो डॉक्टर परत कधी येणार" असं विचारायला आले?

या अनुभवांवरून 'आमचा उपक्रम यशस्वी' असा निष्कर्ष मात्र काढू नका. ज्यांचं जमलं तेच बोलतात, ज्यांचं नाही ते गप्प असतात. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांवर चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथल्या आरोग्य उपक्रमात येणारे लोक आधीपासूनच जास्त निरोगी होते आणि त्यांचा उपचारांवरचा खर्चही कमी होता असं त्यात दिसलं. त्याच वर्षी एका मोठ्या दुकान-साखळीतल्या कामगारांचा तसाच अभ्यास आला. दीड वर्षानं काही सवयी सुधारल्याचं लोकांनी सांगितलं, पण वजन, बीपी, उपचारांचा खर्च, गैरहजेरी यांत ठळक फरक आढळला नाही. वरच्या साहेबांना अहवाल देताना हे अनुभव पुरावा म्हणून जोडू नका. कुठली अडचण सोडवायची याची यादी म्हणून जोडा.

उद्यमनगरातल्या छोट्या वर्कशॉपसाठी

दहा-पंधरा माणसं, दोन लेथ, एक मिलिंग आणि मालक स्वतः जॉबवर उभा. इथं फलक, कागद, सोबते यातलं काही लागत नाही, आणि नाव लपवणंही शक्य नाही. इथं मालकानं एवढंच करावं: कुणाचा रिपोर्ट स्वतः उघडून वाचू नये, कुणाची तब्येत गिऱ्हाइकासमोर काढू नये, आणि चारच्या चहाला कुणी आपणहून काही सांगायला लागला तर लेथ बंद करून ऐकावं.